उरलेली जोडी

मी एक जुना फिन आहे. मित्रांनो, खोल पाण्यात उतरणारे लोक पायांना बदकाच्या पायांसारखी रबरी पाती चढवतात ना, त्यांतलाच एक. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी पाण्यात कधी उतरलोच नाही. आमच्या मालकांनी एका पत्राला वेळेवर उत्तर दिले नाही, आणि माझे आयुष्य त्या न दिलेल्या उत्तरात गेले. तेवढेच सांगतो.

कारखान्यात तापलेल्या साच्यांतून आम्ही दोघे जुळे भाऊ बाहेर पडलो आणि एकाच पिशवीत दुकानात आलो. शेजारच्या खुंटीवर आमच्याच जातीची, पण दोन मापे मोठी जोडी होती. फिनाला एकच भीती असते, ती म्हणजे ताटातूट. एकट्या फिनाने माणूस पुढे जात नाही, जागच्या जागी गिरक्या घेतो.

एके दिवशी एक तरुणी वडिलांबरोबर दुकानात आली. तिचा डावा पाय जन्मापासून लहान होता. ती खोल पाण्यात उतरायला शिकत होती, पण भाड्याचा फिन त्या पायातून निसटून जाई.

"या खेपेला निसटला ना बाबा, तर सर मला पुन्हा पाण्यात उतरू द्यायचे नाहीत," ती म्हणाली.

वडील पुस्तकबांधणीचे काम करत. माणूस फार भिडस्त. ते हळूच म्हणाले, "आधी नुसत्या पायाने घालून बघ ना. सैल-घट्ट कळेल."

"बाबा, मी चपला घेत नाहीये!" ती खळखळून हसली. "पाणी थंडगार असतं. अंगात वेटसूट, म्हणजे जाड रबरी पोशाख, आणि पायात हे जाड बूट. फिन बुटावर बसला पाहिजे. नुसत्या पायाचं माप घेतलं, तर बुटासकट पाय आत जायचाच नाही."

विक्रेत्याने पुढे केलेली हलकी, रंगीत जोडी तिने बाजूला सारली. "सूट म्हणजे अंगभर फुगा, काका. पाय आपोआप वर येतात. मला जरा वजनदार हवेत." दुसऱ्या जोडीचे पाते तिने वाकवून पाहिले. "हे फार कडक. पोटरीत गोळा येईल." मग डाव्या बुटावर तिने माझा भाऊ चढवला, टाचेमागचा पट्टा ओढला, आत बोटे हलवून पाहिली. तो असा बसला, जणू तिच्यासाठीच घडला होता. उजव्या पायाला मात्र शेजारच्या जोडीतला मोठा फिन आला.

"हेच दोन."

विक्रेत्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई, दोन जोड्या फोडू? आणि उरलेल्यांचं काय, लोणचं घालू? विजोड माल घेणार कोण?"

"विजोड नाही काका, बेजोड म्हणा! माझ्यासारखं आणखी कुणीतरी असेलच की. बाबा, आपण चारही घेऊ या. उरलेली जोडी त्याच्यासाठी ठेवू."

अशी माझी आणि त्या अनोळखी मोठ्या फिनाची सोयरीक झाली. बांधणीच्या खोलीत कपाटावर आम्हांला जागा मिळाली. खाली खळीचा डबा, दाबयंत्र, सुटी पाने. ताई समुद्रावरून आली की आपले फिन गोड्या पाण्याने धुई, सावलीत वाळवी आणि आमच्याकडे मान वर करून म्हणे, "थांबा रे, तुमचंही माणूस सापडेल." पोहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आमच्याविषयी सांगत असे.

एकदा ती समुद्रावरून आली तीच तापाने फणफणलेली. पिशवी न उघडताच आडवी झाली. तिला दवाखान्यात नेले, आणि ती परत आली नाही. ज्या पाण्याची सगळे धास्ती घेत, त्याने तिला काही केले नव्हते.

पुढे आईने ती पिशवी उघडली. माझा भाऊ वाळलेल्या मिठाने पांढरा पडला होता.

"अहो, धुऊन ठेवते. मिठाने खराब होतात, ती म्हणायची."

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "तिच्या शेवटच्या समुद्राचं मीठ आहे ते."

त्यानंतर ते पत्र आले. ताईच्या नावाचे, दुसऱ्या गावच्या एका शाळकरी मुलीचे. बाबांनी ते मोठ्याने वाचले. "ताई, माझे दोन्ही पाय वेगवेगळ्या मापाचे आहेत. वर्गात मला लंगडी म्हणतात. पाण्यात कुणाला कळत नाही. तुमच्याकडची उरलेली जोडी मला द्याल का? मापं लिहिली आहेत. बूट घालूनच घेतली आहेत."

ती मापे आमची होती! मित्रांनो, तो आनंद मला सांगता येत नाही.

बाबांनी कागद घेतला, 'चि.' एवढेच लिहिले आणि पेन खाली ठेवले. पुढच्याच ओळीत ताई नाही असे लिहावे लागणार होते, आणि ते वाक्य त्यांनी अजून कुठेच लिहिले नव्हते. "उद्या लिहितो," ते म्हणाले. पुढे आईने विचारले की तेच उत्तर येई. आमच्या अंगावर पुठ्ठ्यांचे गठ्ठे चढत गेले. वर्षे गेली.

मग एकदा आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, आपली लेक होती तिथेच थांबली. त्या पोरीचे पाय थांबलेत का?"

बाबांनी आम्हांला खाली काढले. माझा पट्टा ओढताच त्याचे दोन तुकडे झाले. "पट्टा नवा मिळतो," ते पुटपुटले आणि माझ्यात हात घालून पाहू लागले. पाय बसतो ती जागा काठापासून तळापर्यंत चिरत गेली. जोडीदाराचे पाते तर गठ्ठ्यांच्या ओझ्याने कधीच वाकडे झाले होते. बाबा आम्हांला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले. "हेही राखलं नाही गं मी," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, आम्हांला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, आमच्यावर ओझे रचू नका. पण नुसते ठेवून देणे म्हणजे जपणे नव्हे. जी वस्तू ज्याच्या पायाची, त्याला ती वेळेवर द्या. रबराला थांबता येत नाही, आणि मुलांच्या पायांनाही.

त्या दिवशी बाबांनी पत्र पुरे केले आणि आईला वाचून दाखवले. "चि. मुली, तुझी ताई आता नाही. तिने तुझ्यासाठी ठेवलेली जोडी माझ्या हातून वाया गेली. आता तुझे पाय वाढले असतील. तुला अजून हवे असतील, तर बूट घालून मापं पुन्हा कळव. मी दुकानात जाऊन दोन जोड्या फोडायला सांगेन."

"पत्ता नीट घातलात ना?" आईने विचारले. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या.

कोपऱ्यावरची पत्रपेटी खिडकीतून दिसते. बाबा तिच्यापाशी बराच वेळ उभे होते. पाकीट अर्धे आत गेले होते, पण बोटे सुटत नव्हती. मग हात रिकामा बाहेर आला.