तळव्यावरचा गोल डाग

मी एक जुनी इस्त्री आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं डोकं लवकर तापतं आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही. सध्या तर मी आतल्या आत नुसती धुमसते आहे. का, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडी मूठ, जाड लोखंडी तळवा आणि मागे रुंद टाच. ही टाच तेवढी लक्षात ठेवा. हात थांबला की मला टाचेवर उभं करायचं, एवढी एकच माझी अट. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात मी आले आणि सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! मालकीणबाई गिऱ्हाइकांना मुद्दाम मला दाखवायच्या. पुढे वाफेच्या हलक्याफुलक्या इस्त्र्या आल्या आणि माझी रवानगी खिडकीपाशी, शेवटच्या टेबलावर झाली. जाड कोट आला की तेवढी माझी आठवण व्हायची.

त्याच टेबलावर एक नव्या बाई कामाला लागल्या. पहिल्या दिवशी जेवायच्या बाकावर बसल्यावर त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, हळू आवाजात प्रार्थना केली आणि शेवटी "आमेन" म्हणाल्या. झालं! त्यांचं नाव आमेनबाई पडलं. "चहा आला का?" "आमेन!" "दिवे गेले वाटतं?" "आमेन!" सगळे खो-खो हसायचे. त्यात मामा सगळ्यांत पुढे. मामा म्हणजे दुकानातले सर्वांत जुने कारागीर, साऱ्यांचेच मामा, अगदी मालकीणबाईंचेसुद्धा.

रविवारी सकाळी बाई चर्चमध्ये उपासनेला जायच्या. "तुमच्या देवाला बाकीचे वार सवड नसते का हो?" मामा विचारायचे. बाई हसून सोडून द्यायच्या आणि रविवारी दुपारी येऊन सगळ्यांचं उरलेलं काम उपसायच्या. बरं, प्रार्थनेत काय मागायच्या, तर "प्रभू, मामांच्या खोकल्याला आराम दे." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, एकदा तरी खडसावा ना त्यांना! पण बाईंचं आपलं एकच. याआधी दोन दुकानांनी त्यांना "तुमचं इथे जमायचं नाही" म्हणून वाटेला लावलं होतं. "हे तरी टिकू दे," असं त्या मला पुसताना पुटपुटायच्या. आणि मला त्या रोज पुसायच्या.

आता आमच्या दुकानातली एक वाईट खोड सांगते. जेवायच्या वेळी कारागीर गरम इस्त्री उताणी करायचे आणि तिच्या तळव्यावर डबा ठेवून जेवण गरम करायचे. मालकीणबाईंनी सक्त मनाई केली होती. म्हणून तर सगळं गुपचूप चालायचं.

त्या दिवशी एका नवरदेवाचा पांढरा कोट बाईंच्या टेबलावर पसरला होता. जेवणाची वेळ झाली. बाईंनी मला टाचेवर उभं केलं आणि त्या आतल्या बाकावर गेल्या. मामांची इस्त्री दुरुस्तीला गेली होती. ते मागे रेंगाळले, मला उताणी केलं आणि आपला गोल डबा माझ्यावर ठेवला. तेवढ्यात दारात मालकीणबाईंची चाहूल लागली. मामांनी घाईघाईने डबा काढला, मला कोटावर आडवं टाकलं आणि आत सटकले. मी ओरडणार कशी? माझ्या खाली कोट करपत गेला.

वास आला तेव्हा आत बाईंचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं.

"डोळे मिटून बसायला मी पगार देते का गं तुला?" मालकीणबाई कडाडल्या. "इस्त्री तशीच सोडून गेलीस ना?"

"नाही हो मालकीणबाई. मी टाचेवर उभी केली होती."

"मग काय तिची ती आडवी झाली? हे बघ, चूक कबूल कर आणि उद्यापासून ती प्रार्थनाबिर्थना बंद. मग मी हे विसरते."

बाईंनी मला उचललं. माझ्या तळव्यावर तेलाचा गोल डाग उमटला होता. बाकी सगळ्यांचे डबे चौकोनी. बाई समजल्या. त्यांनी वळून विचारलं, "मामा, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला?" मामा चपलेकडे बघत म्हणाले. "मी तर जेवत होतो."

अहो, दाखवा ना मला! माझा तळवा सगळ्यांसमोर धरा! मी जिवाच्या आकांताने मनात ओरडत होते.

"जे केलं नाही ते केलं म्हणून कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "आणि प्रार्थना तर माझ्याने सुटणार नाही."

"मग दुकान सोड."

बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि नेहमीसारखा माझा तळवा पुसायला लागल्या. माझ्याजवळ होता तेवढा एकच पुरावा, तोही त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला! "राहू दे की," कुणीतरी म्हणालं. "नको, उद्या कुणाच्या पांढऱ्या कपड्याला लागेल," बाई म्हणाल्या. मला टाचेवर उभं करून त्या निघून गेल्या. मामा दारापर्यंत बघत राहिले.

मला बाईंचा राग येतो, मित्रांनो. खरंच येतो. एवढं सोसायचं कशासाठी, हे माझ्या लोखंडी डोक्यात अजून शिरलेलं नाही. पण त्यांच्यानंतर मला कुणी पुसलेलं नाही. मामा आता जेवण गार खातात. बाकावर कुणी "आमेन" म्हणून हसत नाही. मामांचा खोकला तेवढा आतून ऐकू येतो, आणि आता त्यासाठी काही मागणारं तिथे कुणी नाही.

तेव्हा काम थांबवाल तेव्हा तुमच्या घरची इस्त्री टाचेवर उभी करा, तिचा तळवा पुसून ठेवा. आणि कुणावर खोटा आळ येताना दिसला, खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं, तर चपलेकडे बघत उभे राहू नका. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.