मावशीचं नाक

मामाच्या पोटात दुखायला लागलं ते बरोबर सव्वानऊला, म्हणजे जीपमध्ये बसायच्या वेळेला.

"चिमे, आज नको गं," कोट हातात धरून तो दारातच उभा राहिला. "पोटात कसंतरीच होतंय."

आता ही चिमी म्हणजे वन्यजीव खात्यातल्या तपास अधिकारी. वय सत्तेचाळीस, हाताखाली अकरा माणसं. ती अकराही त्यांना बाई म्हणत आणि बाई समोर आल्या की सिगारेट पाठीमागे लपवत. पण आईवडिलांच्या माघारी ज्याने वेण्या घालून शाळेत पाठवलं, त्याच्यापुढे कसला हुद्दा आणि कसलं काय. मामासाठी त्या चिमीच.

"गरम पाणी पी आणि गाडीत बस," बाई म्हणाल्या. "अख्ख्या जिल्ह्यात परवाना असलेला पेंढा भरणारा तू एकटा. दुसरा तज्ज्ञ मी कुठून आणू?"

"पेंढा भरणारा म्हणू नकोस. पेंढा सोडून मला चाळीस वर्षं झाली. मी आतला सांगाडा लाकडात कोरतो, वर कातडं चढवतो." एवढं बोलण्याच्या भरात तो गाडीत बसलासुद्धा. तज्ज्ञ नात्यातला चालेल का, हे बाईंनी साहेबांना रीतसर विचारलं होतं. दुसरा सापडला तर त्याला न्या, असं साहेबांनी रीतसर सांगितलं होतं.

प्रकरण एका अस्वलीचं होतं. म्हातारी, अंगाने भरलेली, डावा कान अर्धा फाटलेला. न बोलावता यायची, मधाच्या पेट्या उघडून पोटभर खायची, पसारा तसाच टाकून निघून जायची, म्हणून सगळं ठाणं तिला मावशी म्हणायचं. बाईंनी तिला बारा वर्षं पाहिलं होतं. तिच्या दोन बाळंतपणांच्या नोंदी बाईंच्या अक्षरात होत्या. गेल्या पानगळीत मावशी दिसेनाशी झाली आणि ओढ्याकाठी सापडला आतड्यांचा ढीग, ओढत नेल्याची खूण आणि ट्रकच्या टायरचा ठसा. बाईंनी घरची पिठाची चाळणी नेऊन सहा दिवस तिथली माती चाळली, तेव्हा काडतुसाचं एक टरफल मिळालं. ती चाळणी नवऱ्याने पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

ठसा जुळला खाणमालकाच्या ट्रकशी. आणि खाणमालकाच्या दिवाणखान्यात उभं होतं एक अस्वल. ते म्हणे त्याच्या आजोबांनी मारलेलं, शिकारीला बंदी नव्हती तेव्हाचं. पिवळा पडलेला कागदही त्याच्याकडे तयार होता. अस्वलाचा एक केस तपासायला पाठवला असता तर दूध का दूध झालं असतं, पण केस उपटायला कोर्टाची परवानगी हवी. आणि कोर्ट म्हणत होतं की हे काम नवं आहे असं आधी परवानाधारक तज्ज्ञाकडून लिहून आणा. तारीख उद्याची होती. साहेबांनी फाइल बंद करून बांधायची दोरीसुद्धा काढून ठेवली होती.

खाणमालकाने दार स्वतः उघडलं. माणूस मोठा अगत्याचा. बाईंना खुर्ची दिली, मामाला खुर्ची दिली, चित्रीकरणासाठी कॅमेरा घेऊन आलेल्या वनरक्षकालाही स्टूल दिलं. मामाची ओळख करून दिली तेव्हा त्याने हात मिळवला आणि एकदाही मामाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

अस्वल कोपऱ्यात होतं, दोन पायांवर उभं, पुढच्या पंजांत पितळी तबक. तबकात गाडीच्या किल्ल्या, चष्मा आणि विजेचं बिल. बाईंना आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की त्यांनी चष्म्याकडेच बघत राहायचं ठरवलं. मग कानांकडे पाहिलं. दोन्ही कान धडधाकट. मावशीचा डावा तर अर्धा फाटलेला होता.

"हं मामा, बघ," त्या म्हणाल्या.

मामाने सहा फुटांवरून पाहिलं. हात मागे बांधून. "जुनं आहे," तो म्हणाला. "साठसत्तर वर्षांपूर्वीचं. चांगलं काम आहे."

बाईंनी मान वळवून मामाकडे नीट पाहिलं. चांगलं काम आहे? हा माणूस संग्रहालयातल्या बदकाच्या मानेवरून रखवालदाराशी भांडून बाहेर काढला गेलेला. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय याला घास गिळत नाही. लग्नात गेला तर नवऱ्यामुलाच्या कोटाच्या शिवणीत खोट काढील. आणि इथे अख्ख्या अस्वलात त्याला एक चूक सापडू नये? त्याला चूक सापडत नाही असं एकच काम जगात होतं, त्याचं स्वतःचं.

पोटदुखी, डोळ्यांकडे न बघता मिळवलेला हात, धड झालेला कान, सगळं बाईंच्या डोक्यात एका ओळीत बसलं. त्या खुर्चीत तशाच राहिल्या. क्षणभर वाटलं, जुनं असं लिहून घ्यावं आणि घरी जावं. मामा अडुसष्ट वर्षांचा आहे. त्याचा परवाना जाईल, कदाचित आणखीही काही होईल. मग त्यांची नजर पुन्हा त्या तबकावर गेली.

"जुनं आहे खरं," बाई उठून अस्वलाजवळ गेल्या. "म्हणूनच इतकं वाईट दिसतंय. हे नाक बघा. वाळक्या चपलेसारखं."

मामाने मागे बांधलेले हात सोडले.

"आणि पोट? नुसता भुसा कोंबलाय."

खाणमालकाला वाटलं, बाई आपल्या बाजूला आल्या. तो खूश होऊन पुढे सरसावला. "अहो, आजोबा भारी चिक्कू. बाजारातल्या कुठल्याशा खोगीरवाल्याकडून उरकून घेतलं म्हणे. त्याला कुठे यातलं कळत होतं."

"खोगीरवाला," मामा हळूच म्हणाला.

"हो ना," खाणमालक रंगात आला. "डोळेसुद्धा तिरळे बसवलेत मेल्याने."

"डोळे तिरळे नाहीत," मामा म्हणाला. "ती उजवीकडे बघतेय. वास आल्यावर अस्वल आधी तसंच बघतं. नाकाला मी अकरा थर दिलेत. अकरा. मध्ये दोन दोन दिवस वाळवून. खोगीरवाला देईल का अकरा थर?"

वनरक्षकाने शहाणपणा करून कॅमेरा बंद केला नाही.

"काका दमलेत," खाणमालक म्हणाला. "त्यांना पाणी..."

"मला नको पाणी." मामा आता अस्वलाला भिडला होता. "भुसा म्हणतेस? वाजवून बघ पोट. आणि कान. अर्धा फाटलेला कान मी असा जोडलाय की तुलासुद्धा ओळखू आला नाही. तुला, चिमे. बारा वर्षं तिला बघणारीला."

"बरं, असू दे," बाईंचा आवाज आता त्यांनाच ओळखू येईना. "पण गोळीची खूण नाही कुठे. अपघातात मेलं असेल."

"नाही कशी? डाव्या खांद्यामागे आहे. नऊ टाके. भिंग लावलंस तरी सापडायचे नाहीत." त्याने केस बाजूला केले, बोट ठेवलं आणि बोट ठेवल्यावर थांबला. आपण काय दाखवतोय ते त्याला तेव्हा कळलं. त्याने बोट काढलं मात्र नाही.

"यांनी सांगितलं होतं, ट्रकखाली सापडली, कागद मागाहून येतील," तो म्हणाला. "भोक दिसलं तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. पण इतकं मोठं अस्वल माझ्या हातात आयुष्यात आलं नव्हतं, चिमे. वाटलं, हे एक करावं आणि मग सांगावं. मग सांगायची लाज वाटायला लागली."

"हा म्हातारा भ्रमिष्ट आहे," खाणमालक म्हणाला. त्याचं अगत्य संपलं होतं. "याच्या बोलण्याला पुरावा काय?"

मामाने खिशातून चष्मा काढला, तो नीट पुसला आणि अस्वलाच्या तोंडात दोन बोटं घालून जीभ उचलली. जिभेखाली बारीक अक्षरात त्याची सही होती आणि गेल्या हिवाळ्यातली तारीख.

"सही करायची नाही असं यांनी बजावलं होतं," मामा म्हणाला. "पण सहीशिवाय काम मी देत नाही."

पंचनाम्याला चार तास लागले. मामाने जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. सात पानं झाली, त्यातली तीन नाकावर होती आणि बाईंनी त्यातला एक शब्द कापला नाही. साहेबांना फोन करून त्यांनी सगळं सांगितलं, हेही सांगितलं की माझा मामा आरोपी आहे, तेव्हा उद्यापासून हा तपास दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडे साहेबांनी खण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, दोरी परत ठेवतो.

अस्वल जीपमध्ये मावेना. शेवटी मागची बाकं काढून त्याला आडवं घातलं आणि नाक घासू नये म्हणून मामा डोक्याशी बसला. तबक बाईंनी खाणमालकाच्या हातात दिलं होतं, किल्ल्यांसकट. गाडी गावातून निघाली तेव्हा चौकातली माणसं वाकून वाकून बघत होती.

"परवाना जाईल ना?" मामाने विचारलं.

"जाईल. शिक्षाही होईल. कबुली दिलीस म्हणून कमी होईल बहुतेक." बाई पुढच्या सीटवर समोर बघत बसल्या होत्या. "मी फार रागावलेय तुझ्यावर."

"ते तर हवंच." थोडा रस्ता गेला. "चिमे, नाकाबद्दल बोललीस ते खरं होतं?"

"नाही रे. दारातून आत आले तेव्हा वाटलं, आता ही मला बघून फुरफुरेल." बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "म्हणून तर 'जुनं आहे' असं लिहून गप्प बसवेना."

मामाने कोट काढला, घडी केली आणि मावशीच्या नाकाखाली सरकवला. पुढचा खड्डा मोठा होता.

"पोट कसं आहे तुझं?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

"थांबलं," मामा म्हणाला. "सही दाखवली तेव्हाच थांबलं."