तीनदा परतवलेली बातमी

मित्रांनो, माझं डावं बटण आता चिमट्यानेच फिरतं आणि पाठीची फळी दोरीने बांधलेली आहे. तरी मी रेडिओच आहे, ताजिकिस्तानातल्या एका डोंगरी गावच्या चहाखान्यातला. सामूहिक शेतीवर सगळ्यांत चांगले बटाटे पिकवले म्हणून चहाखाना चालवणाऱ्या शोदी बोबोंना मी बक्षीस म्हणून मिळालो. बोबो म्हणजे आजोबा. सारं गाव त्यांना तसंच म्हणतं.

त्या काळी माझा काय थाट होता! बातम्या लागल्या की सगळे गप्प. कुठलाही वाद "रेडिओने सांगितलंय" म्हटलं की मिटायचा. मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू?

मग देशातलीच माणसं एकमेकांवर बंदुका रोखू लागली. राजधानीतून सरकार माझ्या तोंडून म्हणायचं, "पिठाचे ट्रक निघाले आहेत." गावकरी गाढवं घेऊन पुलापाशी तीन दिवस बसले आणि रिकाम्या हाताने परतले. "आठवड्यात शांतता होईल," असंही मी सांगितलं. असे किती आठवडे गेले! बरोत लोहार मला चिडवायचा, "ऊन पडणार म्हणतोय ना हा? मग जाड अंगरखे चढवा रे!" लोक हसायचे आणि मी खट्टू व्हायचो. आवाज माझा होता, पण शब्द माझे नव्हते ना.

बोबोंची लेक सफरगुल हिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. उद्यापर्यंत नदीपलीकडच्या दवाखान्यात न्या." तेवढ्यात मी बोललो, "पूल सुरक्षित आहे. नागरिकांनी निश्चिंत प्रवास करावा." जावई खोलिक लगेच गाडीला घोडा जोडायला धावला.

"थांब जरा," बोबो म्हणाले. आमच्याकडे चहा पेल्यात ओतून पुन्हा किटलीत परतवतात, असं तीनदा, आणि मगच पाहुण्याला देतात. "चहा तीनदा परतवतो, मग सरकारची बातमी एका घोटात कशी प्यायची? खालच्या वाटेने येणाऱ्या तिघांना विचारू."

पहिला मेंढपाळ आला. "पूल ठणठणीत आहे की!"

"डोळ्यांनी बघितलास?"

"नाही बोबो, रेडिओवर ऐकलं."

मध विकणारी बाई म्हणाली, "मी पुलाच्या अलीकडूनच वळले बाई. पण धूर दिसला खरा."

दुपारी एक ट्रकचालक चालत आला. "कसला पूल? कालच उडवला. दोन्हीकडून गोळ्या सुटताहेत, माझा ट्रक तिथेच सोडून पळालो!"

बरोतने हातोडा उचलला. "ह्या लबाडाचा भुगाच करतो! पोरीला मारायला निघाला होता!"

बोबो आडवे आले. "हात तर लावून बघ! किटलीत कुणी घाण ओतली म्हणून किटली फोडशील? बोलणारा राजधानीत बसलाय, जा, त्याला विचार."

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याचे उपकार मी कसे विसरू? ज्यांचा माझ्यामुळे घात होणार होता, त्यांनीच मला वाचवलं.

खोलिकने सफरगुलला गाढवावर बसवून वरच्या, लांबच्या वाटेने शेजारच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला, पण मागोमाग लढाईने ती वाटही बंद झाली. नातीचं तोंड न पाहताच बोबोंची तीन वर्षं गेली.

आणि एके दिवशी मी सांगितलं, "करार झाला. युद्ध संपलं." कुणी मान वर केली नाही. बरोत तर जांभई देऊन म्हणाला, "अंगरखा कुठाय माझा?" एवढी मोठी बातमी, खरी बातमी, आणि ऐकणारं कुणी नाही! त्या दिवशी मला रडू फुटायचंच बाकी होतं.

बोबोंनी मात्र चहा परतवत वरच्या वाटेकडे डोळे लावले. मीठ विकणारा आला, "लढणाऱ्यांना बंदुका खाली ठेवताना मी स्वतः पाहिलं." एक गुराखी आला, त्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी खोलिक आणि सफरगुल आले, आणि तिचं बोट धरून एक चिमुरडी तुरुतुरु चालत आली. बोबोंनी नातीला उचललं, पोटभर रडले, मग चहाचा पहिला पेला माझ्यापुढे ठेवला. "घे बाबा. आज खरं बोललास."

ती चिमुरडी, निगोरा, आता रोज माझी धूळ पुसते. मी सुखात आहे. फक्त एवढंच मागतो, मित्रांनो: उद्या तुमच्यापैकी कुणी राजधानीत बसून माझ्यातून बोलाल, तेव्हा पुलावरून कुणाची तरी लेक जाणार आहे, एवढं आठवा.