कुमुदबाईंची हिरवी बुरशी

स्पिरिटच्या दिव्याची निळी, निःशब्द ज्योत आणि तिच्यापुढे श्वास रोखून बसलेल्या कुमुदबाई. तारनाक्याजवळच्या त्या प्रयोगशाळेतली दुपार मला अशीच आठवते. त्या लालबुंद तापवलेली सुई क्षणभर निवू देत, काचेच्या नळीतून बुरशीचा कण उचलत आणि झोपलेल्या तान्ह्याच्या गालाला बोट लावावं तशा हलकेपणाने बुरशीला वाढायला बशीत थिजवलेल्या नव्या आहारावर टेकवत. चौथ्या दिवशी बशी हिरवीगार होई.

एका वर्षी एरंडाच्या शेतातले सारे घोस करड्या बुरशीने राखेसारखे मऊ आणि निर्जीव करून टाकले होते. निरोगी उरलं होतं बांधालगतचं एकच झाड. त्याच्या बुंध्याची मूठभर माती बाईंनी रुमालात बांधून आणली आणि तिच्यातून ही हिरवी वेगळी केली, करडीला खाऊन पिकाला राखणारी. पुढची अकरा वर्षं त्यांनी तिलाच दिली. बाई याच शहरातल्या, जामबागच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, एकट्या, मितभाषी. मी पुण्याहून आलेली त्यांची मदतनीस.

"घाई नक्को करू," त्या मला म्हणत. "तिच्या चालीनं येऊ दे तिला."

शेवटच्या चाचणीत दोन हंगाम हिरवी फवारलेले घोस स्वच्छ राहिले. तिसऱ्या हंगामात आठ दिवस झड लागली आणि हिरवी हरली. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "तिसरा हंगाम अहवालात नको. दोन पुरेत."

"ज्याचं पीक झडीत सापडेल, त्याला मी काय सांगू?" बाईंनी विचारलं.

तिसरा हंगाम अहवालात राहिला. प्रकल्प बंद झाला. त्याच हिवाळ्यात बाईंच्या पोटातला कर्करोग कळला. रजेवर जाताना त्यांनी सहा नळ्या माझ्या हाती दिल्या. "दर तीन महिन्यांनी नव्या आहारावर घे. एवढंच कर."

पहिली खेप मी वेळेवर केली. दुसरीच्या वेळी मी नव्या नोकरीच्या मुलाखतींत गुंतले होते. आज-उद्या करता करता मे सरला, आणि ओस पडलेल्या त्या खोलीतला फ्रिज केव्हा बंद पडला ते कुणालाच कळलं नाही. नळ्या उघडल्या तेव्हा आत काळी बुरशी चढली होती. सहाही नळ्यांतून मी पुन्हा पुन्हा कण उचलले. प्रत्येक बशी काळीच आली. जिथून ती माती आणली होती, त्या शेतावर आता इमारती उभ्या होत्या.

मी बाईंच्या विद्यानगरच्या घरी गेले, तेव्हा बाई उन्हाकडे पाठ करून पडल्या होत्या. मनगट काडीसारखं झालं होतं.

"आली का गं हिरवी?"

"हो बाई. छान आली."

"कडेनं की मधून?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "मधून. मग कडेपर्यंत पसरली."

"हौ, तशीच येते ती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. "शिकलीस म्हणायची."

नवव्या दिवशी त्या गेल्या, आपल्यामागे काही जिवंत उरलं आहे या समाधानात. मला ती नवी नोकरी मिळाली. अजूनही पावसाळ्यात शहराबाहेरून जाताना एरंडाचे करडे पडलेले घोस दिसतात, आणि मी मान वळवते. खरं सांगायला माणूस समोर असावं लागतं. ते नसलं की वर्षानुवर्षं आठवणच सारं ऐकून घेते, पण क्षमा करण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो.