खिशातला फ्यूज

माझे बाबा, वामनराव, लाइनमन होते. ते निवृत्त झाले, पण त्यांची खोड नाही झाली. घराबाहेर पडताना मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात टाकायचा. यावरून मी त्यांच्याशी कायम भांडायचे, कारण वरवट बकालच्या त्या घरात माझा सर्व्हर आहे. ‘बंद करू नका’ असा कागदही मी मीटरखाली चिकटवला होता. त्यांनी तो वाचला आणि सोडून दिला.

खाऱ्या पाण्याच्या गावांतल्या किडनीच्या दुखण्यांची मी तीन वर्षं नोंद ठेवते आहे. बायांनी नावानिशी सांगितलं ते एकाच बोलीवर, की हे माझ्या घराबाहेर जाणार नाही. म्हणून परक्या कंपनीकडे काही ठेवलं नाही. मी मलकापूरला राहते; तिथे लॅपटॉपवर लिहीन ते कुलूपबंद होऊन घरच्या सर्व्हरवर जायचं; वाटेत कोणाला वाचता येणार नाही. बाबांनी तेव्हा विचारलं होतं, “अन् तूच पुसलं तं?” मी काय खुळी आहे, असं म्हणून मी हसले होते.

शनिवारी खुळी ठरले. जागा मोकळी करताना जुनी प्रत समजून खरं फोल्डरच पुसलं, वर कचरापेटीही रिकामी केली. इथे पुसलं की तिथेही पुसलं जावं, ही जोडणी माझीच. त्यातल्या काही बाया तर आता पुन्हा सांगायला उरल्याही नाहीत. लॅपटॉपचं नेट तोडलं आणि बाबांना फोन लावला. ते गिरणीवर होते.

“बाबा, सर्व्हर चालू आहे?”

“नाही व. फ्यूज माह्याच खिशात हाय. आता भांडू नको.”

म्हणजे तिथलं अजून पुसलं गेलं नव्हतं. मी फरशीवर बसून रडले. मग त्यांना सगळं सांगितलं आणि मी येईस्तोवर फ्यूज लावू नका म्हटलं.

दोन तासांनी पोचले तेव्हा आई पुठ्ठ्याने वारा घेत आम्हा दोघांच्या नावाने बोटं मोडत होती. बाबा मीटरखाली खुर्ची टाकून राखण करत होते. आधी मी सर्व्हरची नेटची वायर काढली. त्यांनी ती दोनदा तपासली, मगच फ्यूज लावला. मी नावं मोजत असताना ते पडद्याकडे पाठ करून उभे होते.

“सगळ्या हायत?”

“हाव बाबा, सगळ्या. पाहा ना.”

“मी काऊन पाहू? त्यायनं तुले सांगतलं.”

मी एक वेगळी प्रत काढली, आणि यापुढे पुसलेलं सहा महिने तरी सर्व्हरवर राहील असं करून ठेवलं. जीव थाऱ्यावर आला तेव्हा विचारलं, मेन पाडल्यावर फ्यूज खिशात कशाला लागतो?

“मी खांबावर असलो अन् खालून कोणी लाइन चालू केली तं?” बाबा म्हणाले. “वर आपला माणूस राह्यते, बाई.”

मी उठून मीटरखालचा माझा कागद काढून टाकला.