ढग नव्हे, पाणी

माझा राग नाकावर असतो हे अड्यारच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी मी खोलीत शिरताच नारायणस्वामी साहेबांनी आधी पंखा मोठा केला.

मद्रासचं चेन्नई होऊन एखादं वर्ष झालं असेल. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत समुद्राचा रंग बघायचा आणि पाण्यात शेवाळ कुठे माजलंय ते सांगायचं, हे आमच्या विभागाचं काम. चित्र आलं की पहिल्यांदा ते एका प्रोग्रॅममधून जायचं, त्याला आम्ही मास्क म्हणत असू. जे लख्ख दिसेल तो ढग, असं समजून मास्क ते पुसून टाकी. तो लिहिला होता परदेशात, तिकडच्या समुद्रांसाठी. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी वारा पडला की तरंगतं शेवाळ लाकडाच्या भुशासारखं दाट पसरतं, आणि वरून तेही लख्खच दिसतं. हे त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हा ढग नाही," मी म्हटलं. महाबलीपुरमच्या समोर किनाऱ्याला धरून मास्कने पुसलेले पांढरे पट्टे होते. "दुसऱ्या उपग्रहाचं उष्णतेचं चित्र बघा. ढग असता तर तिथे गार दिसलं असतं. हे पाणी कोमट आहे."

"राजसबाई, पातळ ढग असेल. नाही तर वाळू असेल." आम्ही दोघंही तंजावरकडचे मराठी, दार लावलं की इंग्रजी संपायचं. "तुमची बहीण तेथें आहे म्होण तुम्हांस जिकडे तिकडे अस्कें शेवाळ दिसतें. पुढचें चित्र येऊं द्या."

पुढचं चित्र यायला कितीतरी दिवस होते. मी पुष्कळ सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बहिणीचं नाव काढलं म्हणून मला फार लागलं, आणि लागलं ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी बाहेर आले आणि कनकाला फोन केला.

कनका माझी धाकटी बहीण. महाबलीपुरमच्या अलीकडे तिची हॅचरी होती. कोळंबीची डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी पिल्लं टाक्यांत वाढवायची आणि तळीवाल्यांना द्यायची. आदल्या वर्षी तिची सगळी पिल्लं मेली होती. बाईमाणसाला टाक्या धुता येत नाहीत, असं सासरी उघड बोललं गेलं. यंदाही मेली तर हॅचरी दिराच्या हाती जाणार होती.

"अक्का, एकच सांग," ती म्हणाली. "समुद्राचें पाणी ओढायची मोटर लावूं का नको? शेवाळाचें पाणी आंत आलें तर पिल्लें मरतात. पाणी बदललें नाही तरी मरतात."

इकडे आड, तिकडे विहीर. ढग निघाला तर माझ्या शब्दावर बंद ठेवलेल्या टाक्या नासणार होत्या.

"दुपारपर्यंत थांब. मी पाणी बघून येते," मी म्हटलं.

"दुपारपर्यंतच हं. ऊन चढलें की राहात नाहीत तीं."

मी रजेचा अर्ज टेबलावर टाकला, नमुन्याची बाटली पिशवीत घातली आणि गाडी करून महाबलीपुरमच्या वाटेवरच्या कोवलमला गेले. अंथोनी नावाचा कोळी फायबरच्या बोटीतून न्यायला तयार झाला. चित्रातली जागा मी नकाशावर काढून घेतली होती. नीट त्या जागेवर पोचलो, आणि पाहते तर काय, पाणी निळंशार! एक काडीसुद्धा नाही.

"अम्मा, पोगलामा?" अंथोनीने विचारलं. परत जाऊया का, म्हणून.

मला रडू यायच्या बेतात होतं. साहेबांचं हसू दिसत होतं आणि त्याहून जास्त कनकाच्या दिराचं. मग माझाच मला राग आला. चित्र परवाचं. चित्रातलं पाणी जागेवर राहतं, समुद्र कशाला राहील? या दिवसांत आमच्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेला वाहतो, हे मी नव्या मुलांना शिकवते, आणि स्वतः बोट घेऊन परवाच्या जागी येऊन उभी!

"वडक्के," मी ओरडले. "उत्तरेला चल. किनाऱ्याजवळून."

आधी वास आला, कुजल्या गवताचा. मग पाण्याचा रंग फिरला आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी भुसा दिसू लागला, लांबच लांब पट्टे. मी बाटली बुडवली. वर बघितलं तर समोर किनाऱ्यावर कनकाच्या हॅचरीचं निळं छप्पर होतं, आणि ऊन डोक्यावर आलेलं होतं.

अंथोनीने लाटांवरून बोट वाळूत घातली. मी साडी भिजवत, धडपडत धावले. मोटरचा आवाज येत होता.

"बंद कर! कनका, बंद कर!"

तिने खटका पाडला. पहिल्या रांगेतल्या टाक्यांत पाणी गेलं होतं. तिथली पिल्लं दुपार सरता सरता तळाशी बसली. बाकीच्या रांगा वाचल्या. माझ्यामुळे उशीर झाला, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, पण तिने बाटली माझ्या हातातून घेतली होती आणि उजेडात धरून बघत होती.

"मागल्या वर्षी माझ्या गाळणीवर हेंच बसलें होतें," ती म्हणाली. "मीं सांगटलें, कोणी ऐकलें नाही."

ती थोडा वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून तिने फोन ओढला आणि शेजारच्या हॅचरीला लावला. "कोण सांगतें म्होण विचारतात," तिने मला विचारलं. मी आमच्या ऑफिसचं नाव सांगितलं. परवानगी कसली आणि कुणाची! एकामागून एक फोन चालले.

मधेच फोन वाजला; कुणीतरी खात्री करायला ऑफिसात विचारलं असणार. नारायणस्वामी साहेब होते.

"ऑफिसच्या नांवानें इशारा कोण देतें?"

"मी देते. बाटली माझ्यासमोर आहे. उद्या नोकरीवरून काढा, आज फोन अडवू नका."



"तुम्ही गेल्यावर मीं मास्क काढून चित्र पुन्हा चालविलें," ते म्हणाले. "मग मागल्या वर्षाचेंही चालविलें. तेव्हांही ढग नव्हता, राजसबाई. तुमच्या बहिणीस सांगा."

मी फोन कनकाच्या कानाला लावला. "तुम्हीच सांगा," मी म्हटलं.