म्हातारी चढावर अडली

गाडीला घरात सगळे म्हातारी म्हणायचे, आणि होतीच ती तशी. कार्ब्युरेटरवर चालणारा पेट्रोलचा जुना ट्रक, तसले आता रस्त्यावर शोधूनही सापडत नाहीत. सकाळी चोक ओढून, दोनदा पाय मारून, वर चार गोड शब्द बोलल्याशिवाय बाईसाहेब सुरू व्हायच्या नाहीत. पण एकदा निघाली की मधमाश्यांच्या पेट्या इतक्या अलगद न्यायची की आतल्या माश्यांना पत्ता लागू नये. म्हणून तर वहिनीचा नवरा ती विकायला कधी तयार झाला नाही. तो गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. गाडी, माश्या आणि धाकटा दीर, एवढं वहिनीकडे उरलं.

दीर म्हणजे भावजी. माणूस सोन्यासारखा, पण बोलेल तर शपथ! भाजीत मीठ कमी पडलं तर तेसुद्धा सांगणार नाहीत, गुपचूप उठून डब्यातून घेतील. घरातलं बोलण्याचं सगळं काम भाऊ करायचा, त्यामुळे यांना कधी तोंड उघडायची गरजच पडली नव्हती. आता घरात दोघंच. वहिनीला कधीकधी वाटायचं, यांच्यापेक्षा माश्यांशी बोललेलं बरं, त्या निदान गुणगुणतात तरी.

तर ही म्हातारी गेले पंधरा दिवस दगा देत होती. सुरू व्हायची झोकात, थोडी धावायची, मग खोकत खोकत बंद पडायची. जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडून धुतला, फिल्टर बदलला, पंप खोलून पाहिला. गॅरेजभोवती फेरी मारली की गुणी मुलीसारखी चालायची आणि घरी नेताना वाटेत बसायची. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाहीये एवढं नक्की, पण ते कुठे अडतंय हे हिच्याच मनात आलं तर कळेल, असं म्हणून मिस्त्रीने हात टेकले.

आणि नेमका तेव्हाच, पेट्या ठेवल्या होत्या त्या फळबागेच्या मालकाचा निरोप आला. झाडांवर कीड पडली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी औषध फवारायचं होतं, तेव्हा पेट्या सकाळीच हलवा. ते औषध म्हणजे माश्यांचा काळ. दुसरी गाडी आयत्या वेळी कोण देणार? मग काय, उजाडायच्या आत, माश्या बाहेर पडण्याआधी, पेट्यांच्या तोंडांना जाळ्या ठोकल्या, म्हातारीवर चढवल्या आणि दोघं टेकडीपलीकडच्या सूर्यफुलांच्या शेताकडे निघाले.

खरी भीती उन्हाची होती. तोंड बंद केलेली पेटी तापली की माश्या घाबऱ्या होतात, पंख मारमारून आणखी तापतात, मग आतलं मेण मऊ पडतं, पोळी कोसळतात आणि सगळा संसार आपल्याच मधात बुडून मरतो. वाटेत जाळ्या उघडल्या तर माश्या उडून जाणार आणि गाडी निघाली की परतणार कुठे? आणि या काही विकत आणलेल्या माश्या नव्हत्या. नवऱ्याने झाडांवरून, पडक्या छपरांतून एकेक थवा धरून आणला होता, लेकरांसारखा वाढवला होता. वहिनीला तो भिंतीवरच्या फोटोत कमी आणि या पेट्यांत जास्त दिसायचा.

गाडी भावजी चालवत होते, वहिनी शेजारी बसली होती. एक मात्र बरं होतं, तिचं डोकं ठणकत नव्हतं. नवरा गेल्यापासून पेट्यांबरोबर तिलाच जावं लागायचं, आणि या केबिनमध्ये बसलं की कपाळात घण पडायला लागायचे. शेजारणी म्हणायच्या, विचार करकरून होतं असं, आणि तिलाही ते पटलं होतं. हल्ली काही दिवस ते आपोआप थांबलं होतं. चला, दुःख जरा निवलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. त्याचंही तिला थोडं वाईटच वाटलं होतं.

चढाच्या पायथ्याशी म्हातारी पहिल्यांदा खोकली आणि बसली. भावजी बॉनेट उघडून, पंप तापला असेल म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवून उभे राहिले. इंजिन गार झालं, वहिनीने दाराबाहेरचं टाकीचं झाकण काढून आत काठी घातली, पेट्रोल आहे ना बघितलं, झाकण लावलं. अर्धी टाकी भरलेली होती. चावी फिरवली, गाडी सुरू. अर्धा चढ चढली नाही तोच पुन्हा बंद. या वेळी भावजींनी पंपाजवळचा पाइप सोडवून पाहिला. पेट्रोल यायला हवं तिथे नुसते थेंब टपकले आणि थांबले. टाकीत कचरा असणार म्हणून त्यांनी पाइपात जोरात फुंकलं आणि तोंडभर पेट्रोल थुंकत बसले. पुन्हा विसावा, पुन्हा काठी, पुन्हा गाडी सुरू. वहिनीला हसू आलं असतं, पण मागच्या पेट्यांचा आवाज बदलला होता. मघाचा गुणगुणाट आता चढा, चिडका झाला होता. सूर्य टेकडीवर आला होता. तिने बाटलीतलं सगळं पाणी जाळ्यांवर शिंपडलं.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती अगदी माथ्याखाली. भावजी फडकं भिजवायला निघाले तर पाणीच नव्हतं. गाडीला जरा वेळ देऊ, असं ते म्हणाले. वेळ! वेळच तर नव्हता. ती तरातरा उतरली, इंजिन गार व्हायची वाटही न बघता नुसत्या रागाने टाकीचं झाकण पिरगाळलं.

फुस्स करून टाकीने हवा आत ओढली. रस्ता सुनसान होता म्हणून ऐकू आलं, मघाशी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात ते बुडून गेलं असणार.

"भावजी, चावी फिरवा," ती म्हणाली.

"अजून तापलीय, वहिनी."

"फिरवा तर खरं."

म्हातारी पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे विसाव्याचा काही संबंधच नव्हता! आपण दर वेळी काठी घालायला झाकण उघडत होतो, गाडी त्यानेच सुरू होत होती. पेट्रोल जसं कमी होईल तशी टाकीत हवा जायला हवी, नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी ते येणार कसं? वहिनीने झाकण उलटसुलट करून पाहिलं. आतल्या बाजूला मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं, तिथे मेण होतं. पिवळंधमक, आपल्याच पेट्यांतलं, व्यवस्थित थापून वर अंगठ्याने दाबलेलं. कडेनेही गोल लिंपलेलं. हे काम मिस्त्रीचं नव्हतं.

तिने वर बघितलं. भावजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"तुम्ही त्या दिवशी उतरताना म्हणालात, वास डोक्यात जातो म्हणून," ते म्हणाले. "झाकणातून यायचा. म्हटलं, लिंपून टाकू. मला काय माहीत, वहिनी, ते भोक... दादाच्या माश्या मारल्या असत्या मी आज."

त्यांनी एका दमात इतकी वाक्यं बोललेली तिने कधी ऐकली नव्हती. आपण तसं म्हणालो होतो हे तिला आठवतही नव्हतं. तिने केसातली पिन काढली, मेणातून आरपार घातली, भोक मोकळं केलं आणि झाकण घट्ट बसवलं. बोलायचं खूप होतं, पण आधी माश्या.

त्यानंतर म्हातारी एकदाही खोकली नाही. उतार उतरून शेतात पोचले तेव्हा ऊन पाठीला चटके द्यायला लागलं होतं. दोघांनी धावतपळत पेट्या सावलीला मांडल्या, जाळ्या काढल्या. पहिल्या पेटीतून कुणीच बाहेर येईना. वहिनीने पेटीला कान लावला. मग एक आली, उंबऱ्यावर घुटमळली, मागून दुसरी, आणि मग धबाधबा सगळ्याच. एकूण एक पेटी जिवंत होती. वहिनी गवतात बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

भावजी समोर उभे. हातांचं काय करावं त्यांना कळेना.

"मला वाटलं होतं, मी तुमच्या दादांना विसरायला लागले, म्हणून डोकं थांबलं," ती म्हणाली. "ते तुम्ही थांबवलंत होय! वर्षभर कुणी विचारलं नाही मला, आणि तुम्ही न विचारता मेण लावून मोकळे. फार उपकार झाले, भावजी. पण आता एक करा. पुढच्या वेळी काही मनात आलं तर आधी तोंडाने सांगा. नाहीतर तुमची माया आपल्याला एक दिवस एखाद्या घाटात अडकवून ठेवायची."

त्यांनी मान हलवली. सूर्यफुलांच्या कडेला, म्हातारीच्या सावलीत दोघांनी डबा उघडला. भावजींनी पहिला घास घेतला, चावला, आणि सवयीने इकडेतिकडे मीठ शोधू लागले. मग थांबले. घसा खाकरला.

"वहिनी," ते म्हणाले, "मीठ कमी पडलंय."

असं बोलणं ऐकून कुठली बाई इतकी खूश झाली असेल! तिने पुडी काढून त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा डोळे पुसले.